अस्तरवाली आणि आमच्या वन्सं

तिसरी घंटा झाली, असं समजा. दिवे मंद होतात आणि पडदा वर जातो.

दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. तीन भिंतींना छतापर्यंत लोखंडी कपाटं, हिरव्या रंगाची. जिथे रोज हात लागतो तिथला रंग उडून लोखंड चकचकीत झालेलं. चौथ्या भिंतीला उत्तरेची मोठी खिडकी. तिच्यातून येणारा उजेड इतका सारखा, की आमच्या नाटक कंपनीतल्या दिवेवाल्याने तो पाहिला असता तर नोकरी सोडून दिली असती. मधोमध भलंमोठं टेबल. त्यावर खळीचं पातेलं, तीन ब्रश, एक चिमटा, वाळू भरलेल्या कापडी पुरचुंड्या, मेणाचा गोळा, दोऱ्याचं रीळ. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास.

डावीकडून एक ठेंगणी बाई येते. ॲप्रनच्या टोकाने चष्मा पुसते. खोलीत चिटपाखरू नाही, तरी पहिल्या कपाटाचं दार उघडत मोठ्याने म्हणते, "चला, मेलेल्यांनो, उठा. नऊ वाजले."

या आमच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं. लग्न होऊन आले तेव्हा हे असं ठरून गेलं, आणि पुढे बदलावंसं कोणालाच वाटलं नाही.

मेलेले म्हणजे वाळवलेली झाडं. रानातून कोणीतरी झाड आणतं, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवतं, आणि मग ते जाड पांढऱ्या कागदावर मांडून चिकटवावं लागतं. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे सापडलं, कोणी आणलं, तारीख काय. पुढे शास्त्रज्ञ येतात, भिंगातून बघतात, झाडाला नाव देतात, स्वतःचं नाव करतात. चिकटवणारीचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. आमच्याकडे प्रॉम्प्टरचं असंच असे. सगळं नाटक तोंडपाठ त्याला, टाळ्या दुसऱ्यांना.

झाडांच्या त्या संग्रहालयात सगळे वन्संना डिंकताई म्हणत. त्यांना त्या नावाचा राग नव्हता, डिंकाचा होता. "डिंक वाळला की तडकतो. एकतीस वर्षांत मी डिंकाला हात लावलेला नाही. ज्यांना खळ आणि डिंक यांतला फरक कळत नाही, ते मला झाडांतला फरक शिकवणार!"

पीठ शिजवून केलेली खळ त्यांच्या अंगात भिनलेली होती. माझे सासरे पुस्तकबांधणी करायचे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि दोहोंच्या मधल्या चुलीवर कधी आमटीचं पातेलं तर कधी खळीचं. कसर लागू नये म्हणून खळीत विषारी मोरचूद घालत. त्यामुळे पातेलं कुठलं आणि झाकण कुठलं याची अदलाबदल झाली की सासूबाई घर डोक्यावर घेत. वन्सं दहाव्या वर्षी दोऱ्याला मेण लावायला शिकल्या, पंधराव्या वर्षी जाडजूड कोश शिवायला. लग्नाचं विचारायला माणसं आली, तेव्हा त्यांनी एका मुलाला विचारलं, "मी कामाला गेलेली चालेल का?" तो म्हणाला, "गरजच काय?" वन्सं उठून आत गेल्या आणि अर्धवट शिवलेलं पुस्तक पुरं करून मगच बाहेर आल्या. तोवर मंडळी गेली होती. त्यानंतर पुन्हा तो विषय निघाला नाही.

बाविसाव्या वर्षी त्या संग्रहालयात लागल्या. तेव्हाचे संचालक मोठे टापटिपीचे. आपण त्यांना मोठे साहेब म्हणू, सगळे तसंच म्हणत. त्यांचा नियम असा की कागद देखणा दिसला पाहिजे. फूल वर, पानं पसरलेली, आणि प्रत्येक पानाची उजळ बाजू वरच. वन्संना तेव्हा कळत नव्हतं, आणि मोठ्या साहेबांना कळायला हवं होतं: कुठल्याही शहाण्या संग्रहालयात एक तरी पान उलटं लावतात, कारण झाडाची ओळख पुष्कळदा पानाच्या पाठीवर असते. इथे हजारो कागद, सगळे दर्शनी, आणि सगळ्या पाठी खळीखाली गेलेल्या.

त्या पाठी पाहिलेलं एकच माणूस होतं. ब्रश फिरवणारं.

नोकरीच्या दहाव्या वर्षी एक मोठा गठ्ठा आला. गावाबाहेर अर्ध्या तासावर काळ्या खडकाचा एक कडा आहे. एका म्हाताऱ्या हौशी माणसाने आठ-दहा वर्षं तिथे चढून गोळा केलेली रोपं होती ती. गुलाबाच्या कुळातली. गुलाबाचं नाव काढलं की आपण हार-गजरे डोळ्यांपुढे आणतो. ही बिचारी त्या घराण्यातली गरीब नातलगं. ना काटा, ना वास. वीतभर उंची, एका देठावर हाताच्या बोटांसारख्या पाच पात्या, आणि सदऱ्याच्या बटणाएवढं पिवळं फूल. सगळ्या गठ्ठ्यावर एकच नाव लिहिलेलं. हे रोप डोंगराडोंगरावर मिळतं, त्यात विशेष काही नाही.

वन्सं चिकटवू लागल्या. पहिली चार रोपं मुकाट्याने बसली. पाचवं बसेना. खळ लावली, पुरचुंडी ठेवली, दुसऱ्या दिवशी पुरचुंडी उचलली तर पान सुटून वर. पुन्हा खळ, पुन्हा तेच. त्यांनी पान उलटं करून खिडकीपाशी नेलं. खालून दाट पांढरी लोकर होती. कोटाला आतून लावतात तसं अस्तर. खळ त्या लोकरीवरच राहायची, पानापर्यंत पोचायचीच नाही. पहिल्या चारांच्या पाठी मात्र साध्या, थोडी सरळ आडवी लव, बस्स.

मग त्यांनी बापाची विद्या काढली. मेण लावलेला दोरा घेतला आणि ज्या रोपाला खळ लागेना, त्याला देठापाशी आणि पात्यांवरून बारीक टाके घातले. गठ्ठा संपला तेव्हा त्रेचाळीस कागदांपैकी सतरांवर टाके होते.

त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, ही दोन निराळी झाडं आहेत."

मोठ्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "कशावरून?"

"एकीला खळ लागते, एकीला लागत नाही."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला. "अहो, डोकं चालवायला आम्ही आहोत. तुम्ही ब्रश चालवा."

हे वाक्य वन्संनी घरी येऊन मला सांगितलं तेव्हा त्या चपला काढत होत्या. डाव्या पायातली काढली, उजवी हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. "वहिनी, ब्रशच चालवत होते गं मी. म्हणून तर कळलं."

नंतर दर रविवारी त्या कड्यावर जाऊ लागल्या. एकट्या. डबा, पाण्याची बाटली आणि सासऱ्यांचं जुनं भिंग. जिवंत रोपं बघून त्यांना आणखी कळत गेलं. साध्या रोपाच्या फुलाच्या पाकळ्या एकमेकींवर चढतात. दुसरीच्या पाकळ्यांत फट असते आणि त्या फटीतून खालचं हिरवं दिसतं. वाळल्यावर पाकळ्या गळतात आणि हे सगळं संपतं. फुलाच्या पोटात बारीक दांडे असतात. साधीचे लांब, सुतासारखे. दुसरीचे आखूड, बुडाशी जाड, छोट्या खुंटीसारखे. त्यांनी तिचं नाव ठेवलं अस्तरवाली. साधीला म्हणायच्या जाऊबाई. "एका घरात नांदतात, एकाच ताटातलं खातात, लांबून बघणाऱ्याला बहिणी वाटतात. पण पदर उलटून बघा, मग कळेल."

आजूबाजूच्या सगळ्या टेकड्या त्यांनी पालथ्या घातल्या. जाऊबाई सगळीकडे. अस्तरवाली फक्त त्या कड्याच्या रस्त्याकडच्या अंगाला, फार तर दोनशे रोपं.

अशी एकवीस वर्षं गेली. मोठे साहेब गेले, दुसरे आले, मग तिसरे. आणि एका सोमवारी वन्सं घरी आल्या त्या नोटिशीचा कागद हातात घेऊन. कडा फोडून खडीची खाण निघणार होती. सोबत तज्ज्ञाचा अहवाल: सदर जागी दुर्मीळ वनस्पती नाही, आढळलेलं पिवळ्या फुलाचं रोप सर्वत्र मिळणारं आहे. हरकत असल्यास गुरुवारी अकरा वाजता संग्रहालयाच्या सभागृहात जाहीर सुनावणी.

आमचे हे जेवत होते. म्हणाले, "डोंगर पोखरतायत म्हणजे उंदीर निघेल. तू कशाला मधे पडतेस?"

"उंदीर निघाला तर तुला आणून देईन, दादा. पण अस्तरवाली गेली तर कुठून आणू?"

"अगं, तुला विचारलंय कोणी?"

"एकतीस वर्षं कोणी विचारलं नाही. आता मी न विचारताच सांगणार."

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हे तिसरे संचालक, वयाने वन्संहून लहान, स्वभावाने मऊ, सगळ्यांशी गोड बोलून कोणाचंच काम न करणारे. वन्संनी सरळ सांगितलं: टाके घातलेल्या सतरा कागदांपैकी एकाचा दोरा तोडू द्या, पान उलटून दाखवते.

"ताई, चिकटवलेला नमुना सोडवायचा म्हणजे समितीची लेखी परवानगी. तीन महिने लागतात."

"सुनावणी परवा आहे."

"म्हणूनच म्हणतो, मनाला लावून घेऊ नका."

"मनाला नाही लावत, साहेब. कागदाला लावलंय ते सोडवायचं म्हणते."

ते हसले. परवानगी काही दिली नाही.

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वन्संची तालीम घ्यायला बसले. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली आहेत, म्हटलं काहीतरी उपयोग व्हावा. मी म्हटलं, "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. आणि मुख्य वाक्याआधी थांबायचं. मनात तीन आकडे मोजायचे."

वन्सं मेथी निवडल्यासारख्या सावकाश दोऱ्याला मेण लावत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, मला बोलायची परवानगीच नाहीये. मी फक्त कागद आणून ठेवायचे आणि उचलायचे."

म्हणजे रंगमंचावर खुर्ची ठेवून जाणाऱ्या माणसाची भूमिका. ज्याला एकही वाक्य दिलेलं नाही, त्याला काय शिकवणार?

गुरुवारी मी दुसऱ्या रांगेत बसले. सभागृह अर्धं भरलेलं. पुढे लांब टेबल; मधे सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई, करड्या केसांच्या, समोर घड्याळ काढून ठेवलेलं; एका बाजूला संचालक, दुसऱ्या बाजूला खाण काढणाऱ्या कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, तीन पेनं. आणि तज्ज्ञ. उंच, किडकिडीत, गळ्यात काळ्या दोरीला भिंग लटकवलेलं. त्यांना मी मनातल्या मनात भिंगवाले म्हटलं.

भिंगवाले छान बोलले. खोटं बोलायला बसलेला माणूस नव्हता तो, हे मला लगेच कळलं. खोटा नट पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतो. त्यांनी सांगितलं की कड्यावर त्यांना काही रोपं जरा जास्त लवदार वाटली, पण उघड्या खडकावर ऊन लागलं की रोप अंगावर लव वाढवतं, एवढंच. मग त्यांनी कागद मागवले.

वन्सं ट्रॉली ढकलत आल्या. पांढरा ॲप्रन, तोंडावर रेषा नाही. पहिला कागद ठेवला, उचलला. दुसरा ठेवला, उचलला. तिसऱ्यावर त्यांनी हात तसाच ठेवला.

"हा आणि हा," त्या म्हणाल्या, "एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच कपारीतून आणलेत. चिठ्ठी वाचा. एकाला खळ लागली, एकाला टाके घालावे लागले. ऊन दोघींना सारखंच होतं. का सूर्य एकीचेच लाड करतो?"

तीन आकडे मोजले नाहीत, काही नाही. पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

संचालक अर्धवट उठले. "ताई, तुम्ही—"

"असे अठ्ठावीस कागद आहेत, साहेब. चौदा जोड्या. मी रात्री-बेरात्री येऊन मांडलेल्या नाहीत, तारीखवार कपाटातच आहेत."

भिंगवाल्यांनी मान वर केली. चिडले होते, पण ऐकत होते. "बाई, टाके हा पुरावा नव्हे. पानाची मागची बाजू दिसली पाहिजे. आणि ती कुठेच दिसत नाही, कारण तुमच्याकडे सगळी पानं उजळ बाजूने लावलेली आहेत. एक पान उलटं लावायचं, हा साधा नियम आहे. हे लावलं कोणी?"

"मी लावलं."

"मग चूक तुमची आहे."

"माझीच," वन्सं म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं म्हणून लावलं, पण हात माझा होता. चूक माझी, तर दुरुस्तही मीच करते."

आणि ॲप्रनच्या खिशातून त्यांनी वाकड्या टोकाची छोटी कात्री काढली. टाक्याखाली टोक सरकवलं. दोरा तुटल्याचा आवाज मी दुसऱ्या रांगेत ऐकला. टक्. मग दुसरा. चिमट्याने पान उचलून त्यांनी ते पालथं केलं आणि भिंगवाल्यांपुढे कागद सरकवला.

कंपनीचा माणूस ताडकन उभा राहिला. "हे काय चाललंय? नमुना फाडला यांनी! कोणाच्या परवानगीने?"

संचालकांचा चेहरा खळीसारखा पांढरा झाला. पण माणूस मऊ होता म्हटलं ना, पटकन बोलले, "नाही, नाही, फाडला कुठे! जुना दोरा आहे हो, कुजलेला. हात लागला आणि तुटला. हो ना, ताई?"

आणि वन्संकडे असं बघितलं, की मी जागेवर पुढे सरकले. इतकं सोपं होतं ते. नुसतं "हो" म्हणायचं. नोकरीवर आच नाही, नमुना समोर उघडा, पान सगळ्यांना दिसलेलं. रंगमंचावर कोणी आपलं वाक्य विसरलं की विंगेतून असं अलगद वाक्य येतं, आणि विसरलेला ते घेतोच.

वन्संनी घेतलं नाही.

"साहेब, माझा दोरा कुजत नाही. मेण लावलेला आहे. तुमची नातवंडं म्हातारी होतील तरी तुटायचा नाही. मी कापला. कात्रीने. परवानगी नव्हती. मागितली होती, मिळाली नाही."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "यातून तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे ना?"

"आहे. पण दोरा आपोआप तुटला असं मी म्हटलं, तर उद्या हेच म्हणतील की पानही आपोआपच उलटलं."

आता हसू सगळ्या सभागृहात पसरलं. कंपनीचा माणूस मात्र हार मानणाऱ्यांतला नव्हता. "ज्या बाईने वीस वर्षं हे कागद हाताळले, तिने दुसऱ्याच झाडाचं पान इथे लावलं नसेल कशावरून? यांच्या हातातला कागद मी पुरावा मानत नाही."

"बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. "मानू नका. कड्यावर चला. तिथलं एकही पान मी चिकटवलेलं नाही."

भिंगवाले एवढा वेळ पानावर वाकलेले होते. त्यांनी भिंग खाली केलं, पुन्हा डोळ्याला लावलं आणि डोकं वर न करता म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कड्याखाली. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण वन्संचा डबा माझ्याकडे होता, आणि डबेवालीला कोण अडवणार? अध्यक्षबाई कापडी बूट घालून आल्या होत्या. कंपनीचा माणूस चकचकीत बुटांत, दर दहा पावलांनी घसरत. वन्संचा उजवा गुडघा दुखरा. पण त्या दगडावर पाय कुठे ठेवायचा हे न बघता चढत होत्या.

पहिलं रोप कंपनीच्या माणसाला दिसलं. त्याने बसकण मारली, पान उलटलं आणि ओरडला, "लोकर नाही! बघा, काही नाही!"

वन्संनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ती जाऊबाई. तिच्या डाव्या हाताला बघा, वीतभर अंतरावर."

भिंगवाले ओणवे झाले. मग गुडघ्यांवर. मग सरळ पोटावर, खडकावर आडवे. बराच वेळ त्यांच्या बुटांचे तळवेच आमच्या समोर होते. एका रोपाचं पान उलटलं, दुसऱ्याचं उलटलं. फुलं बघितली. सरपटत सावलीतल्या कपारीत गेले, जिथे दिवसभर ऊन लागत नाही, आणि तिथल्या रोपाचंही पान उलटलं. तिथेही पांढरंफेक अस्तर. मग त्यांनी एक फूल सुईने उकललं, भिंग लावलं आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

वन्सं म्हणाल्या, "दांडे आखूड. बुडाशी जाड."

"दिसतायत," भिंगवाले म्हणाले. उठून बसले. शर्टाला माती, कपाळाला गवताची काडी चिकटलेली. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"एकवीस वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. ब्रश चालवा म्हणाले."

भिंगवाल्यांनी खिशातून आपला अहवाल काढला, गुडघ्यावर ठेवला आणि शेवटच्या पानावरच्या आपल्याच वाक्यावर पेन्सिलने आडवी रेघ ओढली. नाटकात असा प्रसंग आला की आम्ही पार्श्वसंगीत वाजवायचो. इथे खाली रस्त्यावर एक ट्रक गिअर बदलत होता, तेवढंच. आपलं म्हणणं चुकलं, हे दहा माणसांदेखत पोटावर पडून मान्य करणारा माणूस मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिला आहे, आणि नट मंडळींत तर पाहिलेलाच नाही.

"वन्सं, जेवून घ्या," मी म्हटलं.

"थांब गं. आधी यांना दे," त्या म्हणाल्या आणि आपला डबा भिंगवाल्यांपुढे उघडून ठेवला. कंपनीच्या माणसालाही बोलावलं. "या हो. भांडण कड्याचं आहे, पोटाचं नाही." तो आला. दोन घास खाल्लेही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. कड्याचं रस्त्याकडचं अंग खाणीतून वगळलं. अस्तरवालीची दोनशे रोपं जिथल्या तिथे राहिली. पलीकडचा उतार मात्र कंपनीला मिळाला. पेढे-बिढे कोणी वाटले नाहीत. आमच्या यांनी फक्त वर्तमानपत्र खाली ठेवून म्हटलं, "उंदीर नाही निघाला म्हणायचा." वन्संनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, पण तो धपाटा दहा वर्षांच्या मुलीचा होता.

चौथ्या आठवड्यात मेमो आला. विनापरवानगी नमुन्याची हानी. लेखी माफी द्यावी. न दिल्यास कपाटांच्या खोलीत प्रवेश बंद, बदली आवक-जावक टेबलावर. मी म्हटलं, "देऊन टाका हो माफी. दोन ओळींचं काम. कडा तर वाचला."

दुसऱ्या दिवशी वन्संचा गुडघा फार धरला होता म्हणून मी त्यांना सोडायला गेले आणि संचालकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं.

संचालकांनी कागद टंकून तयार ठेवला होता. पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. "ताई, मला तुम्हाला त्या खोलीतून काढायचं नाहीये. एवढंच लिहिलंय, झालं त्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं करणार नाही. सही करा आणि जा तुमच्या टेबलावर. खळ वाट बघतेय."

वन्संनी चष्मा पुसला. कागद वाचला, सगळा, सावकाश, ओठ हलवत. मग पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर ठेवून दिलं.

"सहीचं राहू दे, साहेब. आधी हे सांगा, पलीकडचा उतार कंपनीला देऊन टाकला, तिथल्या बाकीच्या झाडांची पानं उलटून कोण बघून आलंय?"